उत्तर न देण्याची मुभा



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांची उभी हयात दिवाणी कोर्टात गेली. म्हणून विषयही दिवाणीतलाच घेतला आहे. कोर्ट मात्र अमेरिकेतलं आहे. वादी तुरुंगात आहे आणि प्रतिवादी त्याच तुरुंगाचे पहारेकरी, डॉक्टर, अधीक्षक. कैद्याचा गुन्हा सिद्ध झालेला आहे, शिक्षा चालू आहे, तिच्याबद्दल या दाव्यात त्याचं काही म्हणणं नाही. म्हणणं आहे ते कोठडीत झालेल्या मारहाणीबद्दल, महिनोन्‌महिने न मिळालेल्या औषधाबद्दल, जप्त केलेल्या धर्मग्रंथाबद्दल. त्याची भरपाई मागणारा हा दिवाणी दावा. अशा दाव्यात प्रतिवादी गप्पच बसला तर काय होतं, एवढ्याच प्रश्नाभोवती आज बोलणार आहे.

आपल्याकडे काय होतं ते तुम्हाला ठाऊक आहे. समन्स बजावलं गेलं, बेलिफाचा अहवाल आला, प्रतिवादी तारखेला फिरकला नाही, कैफियत आली नाही, की दावा एकतर्फी चालतो. कैफियतीला ३० दिवस, फार तर ९० दिवस, असं आपली दिवाणी प्रक्रिया संहिता सांगते. ही मुदत प्रत्यक्षात किती ताणली जाते हे इथे बसलेल्या वकीलमंडळींना मी सांगायला नको. तरी तत्त्व शाबूत आहे: दाव्यातलं विधान जो नाकारत नाही, त्याने ते कबूल केलं असं कोर्ट धरू शकतं.

अमेरिकेच्या केंद्रीय न्यायालयांतही हेच आहे. समन्स पोचल्यापासून २१ दिवसांत उत्तर द्यायचं. न दिल्यास नियम ५५ लागू होतो, आणि त्याच्या पायऱ्या दोन. पहिल्या पायरीवर वादी शपथपत्र देतो की समन्स बजावलं, मुदत उलटली, उत्तर नाही. मग कोर्टाचा लिपिक दप्तरात नोंद करतो की प्रतिवादी कसूरदार आहे. दुसऱ्या पायरीवर प्रत्यक्ष निकाल मागायचा. येणं रक्कम ठरलेली असेल, म्हणजे उसनवारी किंवा थकलेलं बिल, तर तो निकाल लिपिकच देऊ शकतो. मोडलेल्या बरगडीची किंमत कुठल्या बिलात लिहिलेली नसते, त्यामुळे कैद्याचा अर्ज न्यायाधीशांकडेच जातो.

बहुतेक कैदी वकिलाशिवाय लढतात. पहिली पायरी त्यांना माहीत नसते, ते थेट दुसरी चढू बघतात आणि ‘अर्ज अवेळी’ म्हणून परत पाठवले जातात. हे अर्ज वाचायला मिळतात, कारण तिथली कागदपत्रं पानामागे दहा सेंट भरून कुणालाही बघता येतात. त्यांची भाषा बहुधा एकाच वळणाची असते. अमुक तारखेला समन्स मिळालं, आज इतके दिवस झाले, त्यांनी उत्तर दिलेलं नाही, म्हणजे त्यांच्याकडे उत्तर नाही, सबब मला निकाल द्यावा. ‘म्हणजे त्यांच्याकडे उत्तर नाही’ ही उडी कायद्याची नव्हे, माणसाची आहे. पण २१ दिवसांच्या नियमामागेही मुळात हीच उडी आहे, हे विसरून चालणार नाही.

आता त्या अर्जाआधीचे कागद जरा जवळून बघू.

वादी गरीब ठरला तर समन्स बजावण्याचं काम केंद्र सरकारचे मार्शल करतात, तशी तरतूद कायद्यातच आहे. मात्र प्रत्येक प्रतिवादीसाठी वेगळा फॉर्म कैद्याने भरायचा. त्यावर नाव आणि पत्ता. पहारेकऱ्याच्या छातीवरच्या पट्टीवर असतं आडनाव, तेही दिसलं तर. तो दरम्यान नोकरी सोडून गेलेला असेल, तर त्याच्या घरचा पत्ता कैद्याला मिळणार नाही, आणि सुरक्षेच्या दृष्टीने मिळूही नये, हे मी मान्य करतो. मग समन्स ‘बजावता आलं नाही’ असा शेरा घेऊन परत येतं. दाखल झाल्यापासून ९० दिवसांत समन्स बजावलं गेलं नाही, तर त्या प्रतिवादीपुरता दावा निकालात निघू शकतो. काही न्यायाधीश तुरुंग खात्याला सांगतात की पत्ता मोहोरबंद पाकिटात मार्शलला द्या. काही कैद्यालाच विचारतात, पत्ता कुठे आहे?

समन्स पोचलंच आणि मुदतही उलटली, तर आणखी एक शपथपत्र लागतं, ज्याची आपल्याकडे कुणाला कल्पना नसेल. हजर नसलेल्या प्रतिवादीविरुद्ध निकाल हवा असेल, तर तो लष्करी सेवेत आहे की नाही हे वादीने शपथेवर सांगावं लागतं. आघाडीवर गेलेल्या शिपायाच्या मागे त्याचं घरदार एकतर्फी निकालात जाऊ नये, यासाठी केलेला हा कायदा आहे, आणि चांगला आहे. चौकशीची सोय संरक्षण खात्याच्या संकेतस्थळावर आहे. आता कोठडीतल्या माणसाने आपल्याला मारणाऱ्या पहारेकऱ्याबद्दल लिहून द्यायचं की तो सध्या फौजेत नाही. संकेतस्थळ त्याला उघडता येत नाही. तो पहारेकऱ्याला रोज जिन्यावर बघतो, तेवढंच त्याला ठाऊक.

इथवरच्या अडचणी गरिबीच्या आणि अडाणीपणाच्या आहेत. त्या जगातल्या कुठल्याही कोर्टात भेटतात. खरी अडचण पुढे आहे, आणि ती १९९६ साली कायद्याने निर्माण केलेली आहे.

त्याआधी थोडा इतिहास सांगायला हवा. कैदी ज्या कलमाखाली दावा लावतो ते कलम १९८३. मूळ कायदा १८७१ चा. यादवी युद्ध संपलं होतं, दक्षिणेत कू क्लक्स क्लॅनच्या टोळ्या नुकत्या मुक्त झालेल्या कृष्णवर्णीयांना ठार मारत होत्या आणि राज्यांचे अधिकारी एक तर सामील होते किंवा डोळे मिटून होते. राष्ट्राध्यक्ष ग्रँट यांच्या सहीने कायदा झाला: राज्याच्या अधिकाराचा वापर करून कुणी माणसाचे घटनात्मक हक्क हिरावले, तर त्या माणसाला केंद्रीय न्यायालयात त्याच्यावर दावा लावता येईल. पुढची नव्वद वर्षं हे कलम जवळजवळ धूळ खात पडलं. १९६१ मध्ये शिकागोच्या पोलिसांविरुद्धच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने त्यात प्राण फुंकले, आणि १९६४ मध्ये इलिनॉयच्या तुरुंगातल्या एका मुस्लीम कैद्याच्या दाव्यात सांगितलं की कैद्यालाही हे कलम खुलं आहे. त्याला धर्माची पुस्तकं नाकारली होती, एवढाच तो मामला.

मग कागद यायला लागले. पिवळ्या कागदावर, पेन्सिलीने, दोन्ही बाजूंनी लिहिलेले. १९७२ मध्ये टेक्सासच्या डेव्हिड रुईझ नावाच्या कैद्याने असाच एक हस्तलिखित अर्ज पाठवला. न्यायाधीश विल्यम वेन जस्टिस यांनी तो इतर कैद्यांच्या अर्जांबरोबर जोडून घेतला. त्यातून उभी राहिलेली सुनावणी १५९ दिवस चालली, ३४९ साक्षीदार झाले, आणि १९८० च्या निकालाने टेक्सासची संपूर्ण तुरुंग व्यवस्था घटनाबाह्य ठरली. कैद्यांच्या हाती दंडुके देऊन त्यांच्याकडूनच इतर कैद्यांवर पहारा करवून घेण्याची पद्धत तिथे चालू होती, ती मोडली.

१९९५ पर्यंत कैद्यांचे असे दावे वर्षाला चाळीस हजारांच्या घरात गेले. त्यांतले बरेच फुटकळ होते, हे खोटं नाही. राज्यांच्या महाधिवक्त्यांनी मग ‘सर्वांत फुटकळ दहा दाव्यां’च्या याद्या वर्तमानपत्रांना पुरवायला सुरुवात केली. त्यातला गाजलेला नमुना पीनट बटरचा. म्हणे, कैद्याने एका प्रकारचं मागितलं, त्याला दुसऱ्या प्रकारचं मिळालं, म्हणून त्याने सरकारला कोर्टात खेचलं! काँग्रेसमधल्या भाषणांतून हा किस्सा फिरला, हशा पिकला. अपील न्यायालयाचे न्यायाधीश जॉन न्यूमन यांनी मात्र मूळ कागद काढून बघितले. कैद्याने तुरुंगाच्या कँटीनमधून पैसे भरून दोन बरण्या मागवल्या होत्या. त्यातली एक चुकीची आली. पहारेकऱ्याने ती लगेच परत घेतली आणि उद्या बरोबर पाठवतो म्हणाला. त्याच रात्री कैद्याची दुसऱ्या तुरुंगात बदली झाली. बरणी मिळाली नाही आणि खात्यातून अडीच डॉलर गेले ते गेलेच. दावा त्या अडीच डॉलरचा होता. महिन्याकाठी हातात चार पैसे येणाऱ्या माणसाला अडीच डॉलर म्हणजे काय, हे हसणाऱ्यांना कळायचं कारण नव्हतं. न्यूमन यांनी हे लिहून छापलं, पण कायदा झाला तो झालाच.

राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी २६ एप्रिल १९९६ रोजी सही केलेला हा कैदी-दावा सुधारणा कायदा. त्याने काय काय केलं याची जंत्री मी वाचणार नाही. कोर्ट फी हप्त्यांनी का होईना पण पूर्ण भरायची, हे एक सांगतो. कैद्याच्या खात्यात दर महिन्याला जे येईल त्याच्या २० टक्के फीपोटी कापायचे. एकाच वेळी अनेक दावे असतील तर? प्रत्येक दाव्यामागे २० टक्के, असं २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एकमताने सांगितलं. पाच दावे असतील तर गणित तुम्हीच करा.

मला सांगायचं आहे ते याच कायद्यातल्या एका पोटकलमाबद्दल, ज्याच्याकडे फारसं कुणाचं लक्ष जात नाही. कैद्याने लावलेल्या दाव्यात कुठल्याही प्रतिवादीला उत्तर देण्याचा हक्क सोडून देता येईल. इतर कुठल्याही कायद्यात किंवा नियमात काहीही लिहिलेलं असलं, तरी अशा सोडून देण्याचा अर्थ कबुली असा धरला जाणार नाही. आणि शेवटचं वाक्य असं की, उत्तर दाखल झालेलं नसेल, तर वादीला कोणतीही दाद मिळणार नाही.

हे वाक्य नियम ५५ शेजारी ठेवा. तिथे प्रतिवादीचं मौन वादीला निकालाकडे नेतं. इथे प्रतिवादीचं मौन वादीला अडवून धरतं. सावकार, भाडेकरू, कंपनी, नगरपालिका, कुणीही गप्प बसलं तर त्याची किंमत मोजतं. कैद्याने ज्याच्यावर दावा लावला, त्याला मात्र गप्प बसण्याची मुभा आहे, आणि तो गप्प आहे तोवर निकालच लागू शकत नाही. कैद्यांनी वर्षानुवर्षं पाठवलेल्या हजारो एकतर्फी निकालाच्या अर्जांवर ‘नामंजूर’ लिहिलं जातं, त्यामागे एक मोठं कारण हे आहे. २००७ च्या जोन्स विरुद्ध बॉक या निकालात सरन्यायाधीश रॉबर्ट्स यांनी ओघात हे स्पष्टही केलं: कोर्टाने सांगेपर्यंत प्रतिवाद्यांना उत्तर देण्याची गरज नाही, आणि न देणं ही कबुली नाही.

कोर्टाने सांगेपर्यंत. म्हणजे एक दार आहे. कैद्याला जिंकण्याची वाजवी शक्यता आहे असं न्यायाधीशांना वाटलं, तर ते उत्तराचा हुकूम करू शकतात. समन्स निघण्याआधीच दाव्याची छाननी करणंही याच कायद्याने बंधनकारक केलं, त्यामुळे न्यायाधीशांनी दावा एकदा वाचलेला असतोच. पण हुकूम करूनही प्रतिवादी गप्प राहिला तर? कायद्याचं शेवटचं वाक्य अक्षरशः धरलं, तर उत्तर नाही म्हणून दाद नाही, आणि हुकूम मोडूनही प्रतिवादी तिथेच सुखरूप. काही न्यायाधीशांनी असं वाचायला नकार दिला. हुकूम झाल्यावर मुभा संपली आणि नियम ५५ परत लागू झाला, असं त्यांनी धरलं. मला तेच योग्य वाटतं. कोर्टाचा हुकूम मोडणाऱ्याला फायदा मिळावा, असं कुठल्याच कायदेमंडळाच्या मनात असेल असं मी मानायला तयार नाही.

आता दुसरी बाजूही नीट मांडली पाहिजे, नाहीतर माझं भाषणच एकतर्फी होईल.

एकतर्फी निकाल ही मुळात कोर्टाला न आवडणारी गोष्ट आहे. दोन्ही बाजू ऐकून गुणदोषांवर निर्णय व्हावा, हे सगळीकडचे न्यायाधीश म्हणतात आणि बरोबर म्हणतात. योग्य कारण दाखवलं तर कसुराची नोंद रद्द होते. सरकारी वकिलाच्या कचेरीत फाइल इकडची तिकडे झाली म्हणून जनतेच्या तिजोरीतून लाखो डॉलर जावेत, हा न्याय नव्हे. पहारेकऱ्यावरचा दावा तर त्याच्यावर व्यक्तिशः असतो. समन्स तुरुंगाच्या टपालखोलीत पडून राहिलं आणि तुटपुंज्या पगाराच्या त्या माणसाच्या डोक्यावर हुकूमनामा बसला, तर त्याच्या घरच्यांनी काय करायचं? अनेक प्रतिवाद्यांपैकी एकच गप्प असेल आणि बाकीचे लढत असतील, तर त्या एकावर आधी अंतिम निकाल देऊ नये, हे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १८७२ मध्येच सांगितलं आहे. खुद्द केंद्र सरकार गप्प राहिलं, तर पुराव्याने समाधान झाल्याशिवाय त्याच्याविरुद्ध निकाल देता येत नाही, असं नियम ५५ च सांगतो. आपल्याकडेही सरकारवर दावा लावायचा तर आधी दोन महिन्यांची नोटीस, आणि हुकूमनामा मिळाल्यावर तीन महिने अंमलबजावणीला थांबायचं. राज्यसंस्थेला थोडी सवलत सगळेच देतात. सवलतीवर माझा आक्षेप नाही.

आक्षेप आहे तो मुदतींच्या हिशोबावर. याच १९९६ च्या कायद्याने कैद्याला सांगितलं की कोर्टात येण्याआधी तुरुंगाच्या अंतर्गत तक्रार यंत्रणेच्या सगळ्या पायऱ्या पूर्ण कर. त्या पायऱ्यांच्या मुदती तुरुंग खातंच ठरवतं, म्हणजे ज्याच्यावर दावा होणार आहे तोच. कॅलिफोर्नियात तेव्हा मुदत होती कामाच्या १५ दिवसांची. तिथल्या एका कैद्याची तक्रार उशिरा आली म्हणून फेटाळली गेली, आणि २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की मुदत चुकली म्हणजे पायऱ्या पूर्ण झाल्या नाहीत, सबब कोर्टाचं दार बंद. मिशिगनमध्ये तर कामाच्या दोन दिवसांत तोंडी मिटवायचा प्रयत्न करायचा आणि त्यानंतर कामाच्या पाच दिवसांत लेखी तक्रार द्यायची. मार खाल्लेला माणूस या काळात इस्पितळात असू शकतो, एकांत कोठडीत असू शकतो, त्याच्याकडे पेन नसू शकतं. त्याला काही दिवसांचा उशीर झाला तर दावा कायमचा जातो. समोरच्याने महिनोन्‌महिने उत्तर दिलं नाही तर काहीच जात नाही. दोघांच्याही बाबतीत ‘गुणदोषांवर निर्णय व्हावा’ असं म्हणणारं कोर्ट मी समजू शकतो. दोघांनाही मुदत काटेकोर लावणारं कोर्टही समजू शकतो. एकाला काटेकोर आणि दुसऱ्याला मोकळीक देणाऱ्या कायद्याचं समर्थन, फुटकळ दाव्यांचा कितीही मोठा ढीग दाखवला तरी, मला जमत नाही.

न्यायाधीशांना हे जाणवलेलं नाही असं नाही. टपालाचा १९८८ चा निकाल बघा. कैद्याने अपिलाचा कागद मुदतीत तुरुंगाच्या अधिकाऱ्यांच्या हातात दिला, कोर्टात तो एक दिवस उशिरा पोचला. सर्वोच्च न्यायालय म्हणालं की कैदी स्वतः पोस्टात जाऊ शकत नाही, त्याने अधिकाऱ्यांकडे कागद दिला तीच दाखल तारीख. कैद्याचा दिवस कैद्याच्या कोठडीतून मोजायचा, हा साधा विचार त्यात आहे. उत्तराच्या मुदतीबाबत हा विचार कुणी केलेला नाही.

आपल्याकडे हा प्रश्न वेगळ्या वाटेने आला. आपले कैदी बहुधा दिवाणी दाव्याच्या फंदात पडत नाहीत. रिट याचिका होते, नाहीतर एखादं पत्र न्यायाधीशांपर्यंत पोचतं आणि त्याचीच याचिका होते. १९६० च्या दशकात मुंबईच्या तुरुंगात स्थानबद्ध असलेल्या प्रभाकर संझगिरी यांनी अणूविषयी मराठीत पुस्तक लिहिलं. ते छपाईसाठी बाहेर पाठवायला सरकारने नकार दिला. प्रकरण उच्च न्यायालयात गेलं, सरकार हरलं, अपिलात सर्वोच्च न्यायालयातही १९६५ मध्ये हरलं. सरकारचं म्हणणं काय होतं, तर स्थानबद्धाला ज्या सवलती दिल्या आहेत त्यांत पुस्तक छापण्याची सवलत नाही. युक्तिवाद लंगडा होता, पण तो कोर्टात उघडपणे करावा लागला, आणि लंगडा आहे हे त्यामुळेच दिसलं. बिहारच्या रुदल शाह यांचं प्रकरण याहून भयंकर. १९६८ मध्ये निर्दोष सुटलेला माणूस १९८२ पर्यंत तुरुंगात. कोर्टाने कारण विचारलं तेव्हा सरकारकडून शपथपत्र आलं ते इतकं थातुरमातुर की सर्वोच्च न्यायालयाने त्यावरच ताशेरे मारले, आणि आधीच्या पाच हजारांवर आणखी तीस हजार रुपये भरपाई दिली. चौदा वर्षांचे पस्तीस हजार. रकमेबद्दल मी काही बोलत नाही. पण सरकारचं ते शपथपत्र दप्तरात आहे, आजही वाचता येतं.

अमेरिकेतल्या त्या नामंजूर होणाऱ्या अर्जांकडे मी याच नजरेने बघतो. ते निकाल मिळवण्यासाठी लिहिलेले असतात आणि निकाल जवळजवळ कधीच मिळत नाही. पण दप्तर चाळताना एक क्रम पुन्हा पुन्हा दिसतो. महिनोन्‌महिने हालचाल नाही. मग कैद्याचा एकतर्फी निकालाचा अर्ज. काही दिवसांतच राज्याच्या महाधिवक्त्यांच्या कचेरीतून एक वकील हजर होतो, दिरंगाईबद्दल खेद व्यक्त करतो, मुदतवाढ मागतो, ती मिळते. शेवटी कोर्टाची ओळ येते: उत्तर दाखल झाल्याने अर्ज निरर्थक, नामंजूर.

दाखल झालेलं ते उत्तर एकदा वाचून बघा. दाव्यातल्या प्रत्येक परिच्छेदापुढे त्याचा क्रमांक घालून काहीतरी म्हणावंच लागतं. परिच्छेद एक ते पाच मान्य. सहा नाकारला. सात ते अकरा, प्रतिवादीला माहिती नाही, सबब नाकारले. बाराव्यात प्रतिवादी त्या दिवशी त्या मजल्यावर कामावर होता, हे मान्य. अर्ज हरलेल्या माणसाच्या हाती आता हे मान्य केलेलं वाक्य आहे. त्या दिवशीची हजेरीवही, इस्पितळाची नोंद, कॅमेऱ्याचं चित्रण मागताना तो त्याचाच आधार घेणार आहे.